लोक-१ की फुले समाधान? आठ दिवसांचा हिशोब

दोन्ही गहू मी आळीपाळीने घेतलेत, दोन्हींच्या पोळ्या खाल्ल्यात. बियाणं किती, खत किती हे तुम्हाला ठाऊकच आहे. खरा फरक निसवण्यात आहे. माझ्या रानात नोव्हेंबरच्या मध्याला पेरलेला लोक-१ संक्रांतीला ओंब्या बाहेर टाकून उभा असतो. समाधान तेव्हा पोटरीत, म्हणजे ओंबी अजून पानाच्या पोटातच, साधारण आठेक दिवस मागे. वहीत नोंद नाही, तिळगुळाच्या खुणेवर सांगतोय.

मला आधी वाटायचं, निसवताना लोक-१ दिवसमान, म्हणजे दिवस किती लांब आहे ते, बघत नाही आणि समाधान बघतो. तसं काही दिसत नाही. मुळात गहू हे दिवस मोठा व्हायची वाट पाहणारं पीक. ती वाट पाहायला लावणारं जनुक, पीपीडी-डी१, २डी गुणसूत्रावर बसलंय. त्याच्या अलीकडचा डीएनएच्या २,०८९ अक्षरांचा तुकडा गळाला की दिवस लहान असो वा मोठा, गव्हाला फरक पडत नाही. जपानच्या आकाकोमुगी गव्हातला हा बदल गव्हाचे नवे वाण काढणारे स्ट्राम्पेल्ली यांनी १९१३ च्या संकरातून इटलीत नेला. पुढे हरितक्रांतीवाले बोरलॉग मेक्सिकोत सोनोरा आणि तोलुका असे वर्षाला दोन हंगाम घेत गेले, आणि दिवसमानाला अडून बसणारी झाडं त्या ने-आणीत आपोआप मागे पडली. लोक-१ हा सोनालिका या मेक्सिकन वंशाच्या गव्हाच्या पोटचा, म्हणजे याच घराण्यातला. आपल्याकडच्या आजच्या बहुतेक वाणांत हा बदल आहेच. त्यामुळे उरलेले आठ दिवस बहुधा बारक्या जनुकांचे आणि उष्णतेचे. पेरणी डिसेंबरात गेली तर दोघंही घाई करतात. फुटवे कमी, ओंबी आखूड.

आता ज्याने माझा निर्णय समाधानच्या बाजूने झाला ते सांगतो: पाखरं. एका वर्षी आजूबाजूला सगळा समाधान आणि उन्हाळी कांदा, मध्ये माझा वीस गुंठे लोक-१. चिकात, म्हणजे दाण्यात दूध भरायला, आला तो एकटाच. शिवारातल्या झाडून साऱ्या चिमण्या आणि पोपट माझ्याकडे. सकाळी सहाला पत्र्याचा डबा घेऊन बांधावर, संध्याकाळी पुन्हा तेच. कडेच्या सहा-सात ओळींतल्या ओंब्या हातात घेतल्या तर नुसतं भूस. पुढे कापणीला हार्वेस्टरवाला म्हणाला, "एवढ्याशा तुकड्यासाठी येत नाही, बाकीचं पिकू द्या." पिकलेला गहू दहा दिवस उभा. दोष वाणाचा नाही म्हणा, एकटा पडण्याचा आहे. पण शेजाऱ्यांनी काय पेरायचं ते आपल्या हातात कुठे असतं?

तांबेरा या रोगाचंही आहेच. लोक-१ त्याला लवकर बळी पडतो, निफाडच्या संशोधन केंद्राचा समाधान बराच टिकतो. आणि तो वेळेवर पेरा की उशिरा, दोन्हींना चालतो. सोयाबीन निघायला उशीर झाला तरी माझा जीव टांगणीला लागत नाही.

लोक-१ ची पोळी आमच्या आईला अजून जास्त आवडते, तिच्याशी मी वाद घालत नाही. विहीर फेब्रुवारीत तळ गाठत असेल तर आठ दिवस आधी सुटणारा गहू एक पाणी वाचवतो, हेही खरं. तिथे लोक-१ घ्यायला हरकत नाही. फक्त पेरण्याआधी बांधाला बांध असलेल्या दोघा-तिघांना विचारा, आणि त्यांनीही तोच घेतला तर बरं.