सोफ्यातला लघवीचा वास आणि पेट शॉपमधला एन्झाइमवाला क्लीनर

घरात वयस्कर माणूस, लहान बाळ किंवा मांजर असेल आणि सोफा कापडी असेल तर हे तुमच्यासाठी. पेट शॉपमध्ये कुत्र्या-मांजरांच्या शू साठी म्हणून जो एन्झाइमवाला क्लीनर मिळतो ना, तो माणसाच्या लघवीलाही चालतो, आणि आमच्या सोफ्याचा वास शेवटी त्यानेच घालवला. आम्ही नेरूळला राहतो, बाटली वाशीतून आणली. ब्रँड कुठलाही घ्या, पण मागे एन्झाइमॅटिक किंवा बायो-एन्झाइम असं लिहिलेलं हवं, नुसता सुगंधी डिओडरायझर नको.

बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय. कॅथेटर काढल्यावर काही काळ कंट्रोल राहत नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं, त्यामुळे डायपर होताच, तरी कडेने गळायचंच आणि बाबांची जागा ठरलेली, थ्री-सीटरचा खिडकीकडचा कोपरा. त्यांना इतकं वाईट वाटायला लागलं की ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायला लागले, मला ते अजिबात बघवेना, म्हणून मी या वासाच्या मागेच लागले.

त्याआधी एका सोफा क्लीनिंगवाल्यांना बोलावलेलं, नाव घेत नाही. शॅम्पू, ब्रश, व्हॅक्यूम सगळं केलं, सोफा दिसायला नवा झाला, पण लघवी आहे असं स्पष्ट सांगूनही काम वरवरच, आणि शेवटी गरम वाफ. पावसाळा लागला आणि वास परत. हे असं का होतं तर लघवीत 95 टक्के पाणीच असतं, ते उडून जातं, पण युरिक अ‍ॅसिडचे खडे फोममध्ये बसून राहतात आणि ते साध्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. युरियाचा बॅक्टेरियामुळे अमोनिया होतो तो उग्र वास वेगळाच. हवेत दमटपणा वाढला की सगळं परत उठतं, आणि नवी मुंबईत जून ते सप्टेंबर दमटपणाशिवाय असतं काय! वाफेच्या उष्णतेने डाग आणि वास उलट जास्त घट्ट बसू शकतो.

एन्झाइम हे सगळं तोडतात, पण लघवी जिथवर मुरली तिथवर ते पोचले तरच. वरून दोन फवारे मारून काही होत नाही. ताजं असेल तर आधी जुन्या पंचाने दाबून दाबून टिपून घ्या, घासू नका, डाग पसरतो. मग कुशनची चेन उघडून कव्हर काढायचं, फोमवर भरपूर ओतायचं, कव्हरलाही वेगळं लावायचं आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ओलं राहू द्यायचं. लवकर सुकलं तर एन्झाइमचं कामच थांबतं, मी वर प्लास्टिक टाकून ठेवलं. मध्येच वास जास्त येतो, घाबरू नका. नंतर खरी कसोटी सुकवायची, पावसात तर फोम उभा करून पंखा फुल्ल, घाई करून लगेच कव्हर चढवलंत तर बुरशी येते.

एक महत्त्वाचं, त्या जागेवर आधी फिनाईल किंवा डेटॉल मारू नका, एन्झाइमचं काम बिघडतं. आणि ब्लीच तर बिलकुल नको, लघवीतल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो, वयस्कर माणसाच्या खोलीत तर नकोच नको. सोफ्याला टॅग असेल तर बघा, डब्ल्यू म्हणजे पाणी चालतं, एस किंवा एक्स असेल तर हे वापरू नका. टॅग नसेल तर मागच्या बाजूला थोडंसं लावून रंग जातो का ते बघून घ्या.

तक्रार म्हणाल तर बाटली महाग पडते, एका सीटलाच बरीचशी संपते, आणि आमच्या बाटलीचा लिंबाचा सेंट डोक्यात जाईल इतका कडक होता. पिवळट डागही पूर्ण गेला नाही, फिका झाला. वास मात्र गेला, भर पावसात नाक लावून बघितलं. बाबा परत सोफ्यावर बसतात, खाली वॉटरप्रूफ शीट आणि वर सुती चादर घालून.

रेक्झिनच्या सोफ्याला एवढा खर्च कशाला, पटकन पुसलं तर आत जात नाही, फक्त शिलाईकडे लक्ष द्या. आणि लघवी वर्षानुवर्षं मुरून खालच्या प्लायपर्यंत गेली असेल तर बाटल्यांवर पैसे घालवू नका, गादीवाल्याकडून त्या सीटचा फोम बदलून घ्या.