मुलाच्या डब्यातलं चण्याचं सँडविच: व्हेजनेझची बरणी आणि गोयाचा कॅन

माझ्या मुलाला दूध आणि अंडं दोन्हींची अ‍ॅलर्जी आहे. चीज नाही, लोणी नाही, नेहमीचं मेयोनीज नाही. न्यू जर्सीतल्या त्याच्या शाळेत वर्गात शेंगदाणे न्यायला बंदी, त्यामुळे पीनट बटरही बाद. पोळीभाजी तो घरी आवडीने खातो, पण शाळेत त्याला मित्रांसारखं सँडविच हवं असतं आणि ते त्याला मिळावं असं मलाही मनापासून वाटतं. कुस्करलेल्या काबुली चण्यांचं सॅलड भरून केलेलं सँडविच हे आमच्या घरी त्याचं उत्तर ठरलं. त्यासाठी मी सतत विकत आणते त्या दोन गोष्टींबद्दल हे लिहिते आहे: फॉलो युवर हार्ट कंपनीचं ओरिजिनल व्हेजनेझ, म्हणजे बिनअंड्याचं मेयोनीज, आणि गोया कंपनीचे कॅनमधले चणे. अशी मुलं असलेले बरेच मराठी आईवडील इथे आहेत, त्यांना उपयोग व्हावा.

आधी व्हेजनेझ. घटकांची यादी छोटी आहे: कनोला तेल, पाणी, ब्राऊन राइस सिरप, अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, सोयाचं प्रथिन, मीठ, मोहरीची पूड, लिंबाचा आटवलेला रस. तेल आणि पाणी एकजीव धरून ठेवायचं जे काम साध्या मेयोनीजमध्ये अंड्याचा बलक करतो, ते इथे सोयाचं प्रथिन आणि मोहरी करतात. घट्ट आहे, चमच्यावर उभं राहतं, आंबटपणा आधी लागतो आणि गोडी मागून, तीही अगदी हलकी. चण्यांना मुळात स्वतःची गोडसर चव असते, म्हणून मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या एका कंपनीची बरणी मी आणली होती, नाव लिहीत नाही. तिच्यात साखर इतकी पुढे होती की सारण शिऱ्याकडे झुकलं आणि मुलाने अर्धं सँडविच परत आणलं.

व्हेजनेझ दुकानात फ्रिजमध्येच मिळतं, केचपच्या फडताळावर शोधू नका. मोठ्या चमच्याला साधारण 90 कॅलरी आहेत, आणि त्या जवळजवळ सगळ्या तेलाच्या. हा हलका पदार्थ नाही, तेव्हा मोजून घाला. सोया चालत नसेल त्यांच्यासाठी वाटाण्याच्या प्रथिनाचं सोया-फ्री व्हेजनेझ वेगळं मिळतं. बरण्या दिसायला सारख्या असतात, झाकणावर विसंबू नका, यादी वाचा.

या कंपनीवर माझा जीव जडण्याचं आणखी एक कारण आहे. 1970 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅनोगा पार्कमध्ये हे लोक एक छोटं शाकाहारी उपाहारगृह चालवायला लागले. सँडविचसाठी ते बाहेरून बिनअंड्याचं म्हणून विकलं जाणारं मेयो आणायचे. पुढे उघड झालं की त्यात अंडं होतंच, नुसती लेबलं बदललेली होती. मग त्यांनी स्वतःचं करायला घेतलं. 2021 मध्ये कंपनी दानोन या मोठ्या फ्रेंच खाद्यकंपनीने घेतली, म्हणजे आता ती छोटी राहिलेली नाही. पण दुसऱ्याच्या लेबलवर विश्वास ठेवून फसलेल्या माणसांनी सुरू केलेली वस्तू आहे ही, आणि दिवसरात्र लेबलं वाचणाऱ्या आईला ती गोष्ट आत कुठेतरी लागते.

आता चणे. गोयाचा 15.5 औंसांचा कॅन माझ्या दुकानात दीड डॉलरच्या आसपास मिळतो. निथळल्यावर साधारण दीड कप चणे हाती येतात, त्यात तीन भरगच्च किंवा चार बेताची सँडविचेस होतात. दाणे अख्खे असतात, फुटलेले कमी. मिठाच्या पाण्यातले असल्याने चाळणीत घेऊन नळाखाली चांगले धुवा. निथळून धुतल्यावर सोडियम सुमारे 40 टक्के उतरतं. कमी मिठाचा कॅनही येतो, तो मिळाला तर तोच घ्या, कारण पुढे आपण लोणच्याचा खार घालणार आहोत.

एक गोष्ट मात्र कुठल्याही कंपनीच्या कॅनला लागू आहे. हे चणे सॅलडमध्ये अख्खे टाकायला उत्तम, पण सँडविचसाठी थोडे कडकच असतात. नुसते काट्याने दाबले तर निसटून ताटाबाहेर जातात, आणि ब्रेडमधूनही तसेच घरंगळतात. म्हणून धुतलेले चणे पातेल्यात पाणी आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालून सात-आठ मिनिटं उकळते. सोड्याने दाण्याला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन सैल होतं, सालं सुटून वर तरंगतात, ती काढून टाकायची. मग पुन्हा एकदा धुऊन निथळायचे आणि सुती फडक्यावर पसरून खरोखर कोरडे होऊ द्यायचे. माझ्या मते या सारणाचं यश मेयोवर कमी आणि या दोन गोष्टींवर जास्त आहे: चणा आतून लोण्यासारखा मऊ हवा आणि बाहेरून कोरडा हवा. ओला चणा मेयो धरत नाही, आणि दुपारपर्यंत ब्रेडचा लगदा होतो.

शनिवार-रविवारी वेळ असेल तर मी पटेल ब्रदर्स या इथल्या भारतीय किराणा दुकानातून आणलेले सुके काबुली चणे रात्रभर भिजवून इन्स्टंट पॉटमध्ये, म्हणजे विजेच्या प्रेशर कुकरमध्ये, 15 मिनिटं शिजवते. एका कपाचे जवळपास तीन कप होतात, पैसेही कितीतरी कमी लागतात, आणि चव? कॅन तिच्या जवळ येत नाही. भिजवलेल्या चण्याला एक भाजक्या शेंगेसारखा वास असतो तो कॅनमध्ये हरवतो. पण बुधवारी रात्री साडेनऊला उद्याच्या डब्याचं आठवलं की कॅनसारखा सोबती नाही.

माझं माप असं. एका कॅनच्या चण्यांना तीन मोठे चमचे व्हेजनेझ, एक छोटा चमचा डिजाँ मोहरीची पेस्ट, सेलरीची एक काडी अगदी बारीक चिरून, पाव कांदा धुऊन पिळून, मिरपूड, अर्ध्या लिंबाचा रस. कुस्करायला पावभाजीचा मॅशर घ्या, फूड प्रोसेसर नको, त्यात काही सेकंदांत हुमस होतं. दोनतृतीयांश चणे पूर्ण मोडायचे, बाकीचे नुसते चेपायचे. सेलरीचा वास आवडत नसेल तर कोबीचा कोवळा गाभा चिरून घाला, कुरकुरीतपणा तोच मिळतो. काकडी नको, तिला पाणी सुटतं.

इथल्या पाककृतींत यात गोड रेलिश, म्हणजे बारीक चिरलेल्या काकडीचं गोड लोणचं, घालतात. सासूबाई सांगलीहून आल्या होत्या तेव्हा त्यांनी चमचा तोंडात घातला आणि म्हणाल्या, "अगं, याला लोणच्याचा खार घाल की." एक छोटा चमचा कैरीच्या लोणच्याचा खार घातला, फोडी नाहीत, नुसता खार. मोहरी, हिंग, मेथी, आंबट, तिखट सगळं एकदम येतं आणि मेयोचा तेलकटपणा मोडतो. त्या दिवसापासून रेलिश घरात आलेलं नाही. खार घालाल तेव्हा मीठ अजिबात घालू नका आणि लिंबूही निम्म्यावर आणा.

बऱ्याच अमेरिकी पाककृती या सारणाला ट्यूना माशासारखं करायच्या मागे असतात, समुद्री शेवाळाची पूड वगैरे घालून. ज्यांना ट्यूना आठवतो त्यांच्यासाठी ते ठीक असेल. आमच्या घरी त्याची आठवण नाही, आणि चण्याला चण्यासारखंच लागू द्यावं असं मला वाटतं.

ब्रेडबद्दल सावध करते. दूध-मठ्ठ्याची पूड बऱ्याच ब्रेडमध्ये असते, हे अ‍ॅलर्जीवाल्यांना माहीत असेलच. पण तिळाचंही पाहा. 1 जानेवारी 2023 पासून अमेरिकेत तीळ हा लेबलवर लिहावाच लागणारा नववा अ‍ॅलर्जीकारक घटक झाला. त्यानंतर काही बेकऱ्यांनी भांडी-यंत्रं तीळमुक्त ठेवण्याऐवजी पिठात थोडं तिळाचं पीठच घालून तसं लेबलवर लिहिणं पसंत केलं. आमच्याकडे तिळाची अ‍ॅलर्जी नाही, पण शेजारच्या घरी आहे, आणि वर्षानुवर्षं खाल्लेला ब्रेड त्यांना सोडावा लागला. हे मला अजूनही अन्यायाचं वाटतं.

डबा भरताना ब्रेड हलका भाजून पूर्ण गार करा, दोन्ही बाजूंना लेट्यूसचं पान लावा, मध्ये सारण. सोबत बर्फाची पिशवी हवीच. मिसळलेलं सारण फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं, गोठवू नका, मेयो फाटतं.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं. पुण्याला गेले की दुकानांत "एगलेस" मेयोच्या बरण्या ढिगाने दिसतात आणि त्यावर हिरवा ठिपका असतो. हिरव्या ठिपक्याचा अर्थ शाकाहारी, आणि शाकाहारात दूध येतं. अशा कित्येक बरण्यांत दुधाची पावडर असते. दुधाच्या अ‍ॅलर्जीवाल्या मुलाला ती देऊ नका. एफएसएसएआय या भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2022 मध्ये व्हीगन पदार्थांचे वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आणलं आहे, ते हिरवं व्ही शोधा, आणि तरीही यादी वाचाच.

नाहीतर घरीच करा. चणे शिजवलेलं पाणी फेकू नका. 2014 मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच गायकाच्या लक्षात आलं की डाळी-कडधान्यांचं हे पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याला अ‍ॅक्वाफाबा हे नाव मिळालं. पाव कप पाणी, एक चमचा मोहरीची पेस्ट, थोडं व्हिनेगर आणि मीठ उभ्या भांड्यात घ्या, हँड ब्लेंडर चालू ठेवून पाऊण कप तेल अगदी बारीक धारेने सोडा. कुकरमधलं पाणी पातळ असेल तर आधी आटवून गार करा, बोटाला किंचित चिकटलं पाहिजे. माझी पुण्याची बहीण शेंगदाण्याचं रिफाइंड तेल वापरते आणि तिचं मेयो व्हेजनेझइतकं घट्ट होत नाही, पण खार घातल्यावर सारणात फरक कळत नाही. आठवड्याच्या आत संपवा.