निटर अन् आर मार्कडाऊन: ग्राफच्या साईजसाठी घ्यावं का?

आमच्या शेतकरी गटाकडून कपाशीच्या हंगामात दर आठवड्याला कामगंध सापळ्यांचे रिपोर्ट निघतात, गुलाबी बोंडअळीचे पतंग कोणत्या गावात किती सापडले ते, अन् हे सगळे रिपोर्ट आता आर मार्कडाऊन अन् निटरवरच बनतात. आर म्हणजे आकडेमोडीची अन् ग्राफची प्रोग्रामिंग भाषा, ती फुकट, अन् फाईलीतला कोड चालवून निकाल अन् ग्राफ मजकुरात बसवणारं, यीहुई शिए यांनी लिहिलेलं निटर पॅकेज पण फुकट. आर मार्कडाऊनमधे मजकूर अन् कोड एकाच फाईलीत लिहायचा, तालुक्याचं नाव पॅरामीटर म्हणून द्यायचं, लूप लावला की यवतमाळ जिल्ह्याच्या १६ ही तालुक्यांचे रिपोर्ट एका दमात बाहेर. एवढं तं सगळेच सांगतात. पण लोक वैतागतात ते ग्राफच्या साईजपाशी, अन् तिथूनच परत एक्सेलमधून चार्ट कॉपी-पेस्ट सुरू होते, म्हणून त्याच्यावरच लिहितो.

पहिलं समजून घ्या राजेहो की यात साईज दोन असतात. फिग.विड्थ अन् फिग.हाईट म्हणजे ग्राफ किती इंचाचा काढायचा, अन् आउट.विड्थ म्हणजे तो काढलेला ग्राफ पानावर किती रुंद बसवायचा. लोक करतात काय, ग्राफ मोठा दिसावा म्हणून फिग.विड्थ १२ करतात, पानावर जागा असते ६ इंच, मग पूर्ण ग्राफ अर्धा होऊन बसते अन् आरमधे ग्राफ काढणाऱ्या जीजीप्लॉट पॅकेजचं ११ पॉइंटचं अक्षर ५.५ चं होऊन जाते. लग्नाचा बॅनर मोबाईलवर पाहिल्यासारखं. आमच्या ग्राफात खाली तारखा, कडेला गावाचं नाव अन् मधात ८ पतंगांची आडवी रेघ असते (सापळ्यामागे रोज ८ पतंग, सलग ३ दिवस, म्हणजे फवारणीची पातळी गाठली), अन् हा कागद ग्रामपंचायतीच्या बोर्डावर काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समधे लागते, तिथं ५.५ चं अक्षर कोणालाच वाचता येत नाही. म्हणून पानावर जेवढा पाहिजे तेवढ्याच इंचाचा ग्राफ काढायचा, आउट.विड्थला एरवी हातच नाही लावायचा. फक्त अक्षर मोठं पाहिजे तं ग्राफ लहान काढा अन् आउट.विड्थनं पानभर पसरवा, उलटं वाटते पण तसंच आहे.

कागदाचं पण पाहून घ्या. काहीच नाही सांगितलं तं पीडीएफमधे ग्राफ ६.५ बाय ४.५ इंच निघते, वर्डमधे ५ बाय ४, एचटीएमएलमधे ७ बाय ५. हे ६.५ अमेरिकेच्या लेटर कागदाच्या हिशोबानं आहे, तो ८.५ इंच रुंद, दोन्हीकडं १-१ इंच समास गेला की ६.५ उरते. आपल्याकडं सगळीकडं ए४, तो ८.२७ इंच, म्हणजे हातात ६.२७. वरच्या सेटिंगमधे पेपरसाईज ए४ लिहा अन् फिग.विड्थ ६.२ ठेवा, म्हणजे झेरॉक्सवाल्याला फिट टू पेज करावं लागत नाही.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. फिग.हाईटमधे नुसता आकडाच नाही, हिशोब पण लिहिता येते. एका तालुक्यात सापळे ८ गावात, दुसऱ्यात २०, प्रत्येक गावाची एक पट्टी, हाईट एकच ठेवली तं ८ वाला ताणल्यासारखा दिसते अन् २० वाल्यात रेघा एकमेकीवर चढतात. मी लिहून ठेवलंय १ + ०.३५ गुणिले गावं, म्हणजे ८ गावांना ३.८ इंच, २० ला ८ इंच, अन् त्याच्यावर गेली की दोन पानं, कारण ए४ मधे उभी जागा ९.६९ इंचच आहे अन् त्यातच हेडिंग, तारीख, सल्ला पण बसवायचा असते. एवढी एक ओळ लिहिली की तालुका कोणता पण असो, पान बरोबर निघते. एक्सेलमधे हे हातानं ओढत बसायचं काम होतं भाऊ.

त्रास पण आहेत अन् ते लहान नाहीत. एका चंकमधे (फाईलीतल्या कोडच्या एका तुकड्यात) लूप लावून दहा ग्राफ काढले तं दहाही एकाच हाईटचे निघतात, वेगळी हाईट पाहिजे तं चाईल्ड डॉक्युमेंटचा (मुख्य फाईलीत जोडायच्या छोट्या फाईलीचा) लांबचा रस्ता, नवीन माणूस तिथं नक्की अडकते. पीडीएफमधे ग्राफला कॅप्शन दिलं की तो मनानं पुढच्या पानावर जाऊन बसते, घाटंजी तालुक्याचा मजकूर एका पानावर अन् ग्राफ भलतीकडं, त्याला फ्लोट पॅकेज घेऊन फिग.पॉस मधे कॅपिटल एच लिहावं लागते, अन् हे पहिल्याच पानावर सांगायला पाहिजे होतं असं माझं मत. दोन ग्राफ शेजारी पाहिजे तं पीडीएफ अन् एचटीएमएलमधे फिग.शो होल्ड अन् आउट.विड्थ ४९ टक्के (तेव्हा फिग.विड्थ ३ च्या आसपास ठेवा, नाहीतं अक्षराचं पुन्हा तेच), वर्डमधे मात्र या भरवशावर राहू नका, पॅचवर्क पॅकेजनं दोन्हीचा एकच ग्राफ करून टाका.

मराठीचं वेगळं सांगतो. साध्या पीडीएफ डिव्हाईसवर (डिव्हाईस म्हणजे ग्राफची फाईल बनवणारा भाग) ग्राफातलं देवनागरी निघतच नाही. डिव्हाईस रॅग पीएनजी करा, डीपीआय ३००, फॉन्ट नोटो सान्स देवनागरी, मग वेलांट्या अन् जोडाक्षरं जागेवर येतात. बाकीच्या मजकुरासाठी पीडीएफ बनवणारं झीलाटेक्स इंजिन, तोच फॉन्ट, अन् फॉन्टच्या ऑप्शनमधे स्क्रिप्ट देवनागरी लिहायचं. रंगाच्या ऐवजी तुटक अन् सलग रेघा वापरा, झेरॉक्समधे लाल अन् हिरवा एकच होऊन जाते.

नव्यानं शिकणार असाल तं आर मार्कडाऊनसारखंच नवीन क्वार्टो पण आहे, २०२२ मधे आलं, तिथं ग्राफ दोन रकान्यात लावायला लेआउट-एनकॉल २ एवढंच लिहावं लागते, मांडणीच्या बाबतीत ते नक्कीच सोपं. आमचं सगळं जुन्यावर बसलेलं अन् नीट चालू आहे म्हणून मी हलवलं नाही. वर्षातून एखादा रिपोर्ट काढणाऱ्यानं यात पडू नये, दर आठवड्याला काढणाऱ्यानं आजच घ्यावं, माझ्याकडून पाचपैकी चार, एक स्टार त्या लूपमधल्या हाईटसाठी कापला. टायनीटेक (पीडीएफ बनवायला लागणारं सॉफ्टवेअर) टाकताना अन् पहिला रिपोर्ट काढताना नेट लागते, कमी असलेली पॅकेजं ते तेव्हा स्वतःच ओढून घेते, ते काम तालुक्याच्या जागी बसून उरका, नंतर गावात रेंज नसली तरी रिपोर्ट निघतात.