'कंपवात मुळापासून बरा' म्हणणाऱ्यांनी आमचे ३७,६०० रुपये नेले

वेंगुर्ल्यात एका मंगल कार्यालयात 'मोफत नसतपासणी शिबिर' भरलं होतं. तिथे नोंदणीचे ३००, तीन महिन्यांच्या कोर्सचे २४,५००, तेलाचे ३,८०० आणि पुढे 'नसा आता उघडतायत, मध्येच सोडू नका' म्हणत ऑनलाइन घेतलेले ९,००० रुपये गेले. असली शिबिरं कशी चालतात ते तुम्हाला सांगायला नको. मलाही माहीत होतं. पण आई काजूच्या कारखान्यात गर सोलायची, आणि सुरी धरली की हात थरथरून अखंड गराचा तुकडा पडायचा. पुढे पुढे चारचौघांत कप उचलावा लागेल म्हणून तिने लग्नाकार्याला जाणंच सोडलं. अशा वेळी कोणी 'बरं करतो' म्हटलं तर कुठला मुलगा उठून जाईल?

पांढऱ्या कोटातल्या माणसाने आईच्या हातात मशीनची दांडी दिली, कागद काढला आणि 'पार्किन्सन (म्हणजे कंपवात), नसा ७२ टक्के बंद' असं सांगून टाकलं. तेव्हा आईच म्हणाली, "मी गप बसलंय तेव्हा हात खंय हलता?" खरंच, मांडीवर ठेवलेले तिचे दोन्ही हात स्थिर होते. तो म्हणाला, "आई, रोग आतून वाढत असतो." आणि मी आईलाच म्हटलं, "तू थांब गो, डॉक्टरांना बोलू दे." त्या वाक्याचा संताप अजून जात नाही. सगळं निदान तिने एका वाक्यात सांगितलं होतं, आणि तो माणूस तिच्या हातांकडे बघतही नव्हता.

पुढे आईला गोव्यात बांबोळीला नेलं. तिथल्या न्यूरॉलॉजिस्टनी (मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांनी) मशीन काढलंच नाही. हात पुढे धरायला लावले, पाणी ओतायला लावलं, कागदावर गोगलगायीसारखं वेटोळं काढायला सांगितलं. म्हणाले, हा पार्किन्सन नाही, इसेन्शियल ट्रेमर नावाचा वेगळा कंप. काम करताना, हात उचलून धरला की थरथर, आणि बहुतेक वेळा दोन्ही हातांना. पार्किन्सनमध्ये बहुधा एका बाजूने सुरुवात होते, हात स्वस्थ असताना कंप जास्त दिसतो, हालचाल मंदावते, अक्षर बारीक होत जातं. आईचं अक्षर मोठं आणि नागमोडी झालं होतं.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला? आजीची मान सतत 'नाही नाही' म्हणाल्यासारखी हलायची. मामाचा हात दोन घोट घेतल्यावर थांबायचा, म्हणून गावाने त्याला दारुडा ठरवलं. दारूने हा कंप तात्पुरता दबतो, उतरल्यावर उलट वाढू शकतो. मामा गेला, डाग मात्र राहिला. घराण्याबद्दल जो विचारत नाही त्याच्या हातात पैसे ठेवू नका. थायरॉइड तपासला का, दम्याचा पंप किंवा दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का, हेही शिबिरात कोणी विचारलं नाही. या सगळ्यांनी हात थरथरू शकतो.

शिबिरात दिलेल्या औषधाच्या पुड्यावर लिहिलं होतं 'कपिकच्छू'. म्हणजे आपल्या कुंपणावरची खाजकुयली! तिच्या बियांत लेव्होडोपा असतं, ते पार्किन्सनचं औषध. या कंपावर त्याचा उपयोग नाही. आईला आता प्रोप्रानोलॉल चालू आहे (दमा असेल तर ते चालत नाही, स्वतःहून घेऊ नका). कंप कमी झालाय, गेलेला नाही. 'मुळापासून जाईल' असं खरा डॉक्टर म्हणत नाही.

आणि तक्रार? पोलीस म्हणाले, "पैसे तुम्ही दिलेत, माल तुम्हाला मिळालाय, यात फसवणूक कुठे?" मेंदूचे विकार बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४च्या 'ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज' कायद्याने बंदी आहे असं सांगितलं, तर "तो कायदा घेऊन या". म्हणजे कायदाही मीच आणायचा! औषधांच्या कार्यालयात सीलबंद पाकीट मागितलं. आईने औषध घेतल्याशिवाय फसवणूक कळणार कशी? आणि घेतलं तर सील राहणार कुठून? मंगल कार्यालयवाले म्हणाले, आम्ही फक्त भाडं घेतो. जो तो दुसऱ्याची हद्द दाखवतो, आणि तेवढ्यात ती टोळी पुढच्या गावी पोचते. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. ते मला उशिरा कळलं, कारण पोलीस ठाण्यात कोणी सांगितलंच नाही.

आता त्याच मशीनचा फलक कुडाळात लागलाय. वेंगुर्ल्यात ज्यांनी पैसे भरले त्यांनी पावती, पाकीट, मेसेज काही फेकू नका, आणि एक पाकीट न फोडता ठेवा. एकत्र लेखी तक्रार देऊ आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही.