मोटार बदलली म्हणून ४,८०० घेतले, बदलली फक्त बॅटरी : नर्फ ब्लास्टर मॉड करून घेणाऱ्यांनी वाचा

हे मी दोन महिने आधीच लिहायला हवं होतं. मधल्या काळात मॉड करून (म्हणजे आतले पार्ट बदलून ताकद वाढवून) देणाऱ्या त्या माणसाने माझाच व्हिडिओ दाखवून अजून लोकांकडून पैसे मागितलेत, त्यातल्या एकाचा मला फोन आला म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहितोय. थोडं लांब होईल पण ज्यांच्या घरात हे फोमचे डार्ट म्हणजे मऊ गोळ्या मारणारे ब्लास्टर, खेळण्यातल्या बंदुका, आहेत त्यांनी पूर्ण वाचा, कारण यात पैसे गेले ते गेलेच पण पोराच्या हातात आग लागू शकली असती.

माझा भाचा तेरा वर्षांचा, नाशिकला सिडकोत राहतो. दाजी दुबईला असतात, त्यांनी मागच्या वर्षी त्याला नर्फची स्ट्राइफ आणली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्ट्राइफ म्हणजे नर्फ बनवणाऱ्या हॅजब्रो कंपनीचं २०१३ सालचं मॉडेल, चार पेन्सिल सेलवर चालतं म्हणजे ६ व्होल्ट. आत दोन छोट्या मोटारी, प्रत्येकीवर एक चाक. खालचा छोटा ट्रिगर दाबून धरला की दोन्ही चाकं उलटसुलट फिरायला लागतात, मग मोठा ट्रिगर ओढला की डार्ट त्या दोन चाकांच्या फटीत ढकलला जातो आणि चिमटून बाहेर फेकला जातो. डार्टला ढकलणारा भाग हातानेच चालतो, मोटार फक्त चाकांना. एवढं साधं असल्यामुळेच मॉड करणाऱ्यांचं हे जगभर आवडतं मॉडेल आहे.

भाच्याने इंटरनेटवर बघून बघून ठरवलं की याच्या मोटारी बदलायच्या, वायरिंग जाड करायचं, लिथियम बॅटरी टाकायची. ओवाळणीचे आणि वाढदिवसाचे मिळून त्याच्याकडे तीन हजार होते, उरलेले मी टाकतो म्हणालो. मी अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, मला इलेक्ट्रिकलमधलं काही कळत नाही, पण पोरगं इतक्या जीव लावून समजावून सांगत होतं की मला नाही म्हणवेना.

सुटे पार्ट बाहेरून मागवायचे तर लई उशीर लागतो. आणि तयार ब्लास्टर मागवावा तर खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. त्यामुळे आपल्याकडे जे करून देतात त्यांच्याकडेच माणूस वळतो आणि नेमकं तिथेच हे लोक बसलेले असतात.

तर एक जण भेटला, मराठीच, बोलायला एकदम गोड, दादा दादा करत. म्हणाला ब्लास्टर कुरिअर करा, मी १३० साइझच्या हाय टॉर्क म्हणजे जास्त जोराच्या मोटारी टाकतो, १६ गेजचं जाड सिलिकॉन वायरिंग करतो, मोठा स्विच टाकतो, बॅटरी आणि चार्जर देतो, सगळं मिळून ४,८००. आधीच्या कामाचे फोटो पाठवले. एका फोटोत डार्टचा स्पीड मोजायचं मशीन, त्यावर ११८ आकडा, म्हणजे सेकंदाला ११८ फूट. मूळ स्ट्राइफ साधारण ७० च्या आसपास मारते, मॉड केलेल्या १०० ते १३० पर्यंत जातात, त्यामुळे भाच्याला तो आकडा अगदी बरोबर वाटला. (तो फोटो दुसऱ्याच कुणाचा होता, परदेशातल्या एका माणसाने कित्येक वर्षांपूर्वी टाकलेला. हे मला नंतर फोटो सर्च केल्यावर कळलं, पैसे द्यायच्या आधी दोन मिनिटांचं काम होतं.) पैसे पूर्ण आधी मागितले, यूपीआयवर, पर्सनल नंबरवर. बिल मागितलं तर म्हणाला दादा हे छंदाचं काम आहे, बिल कुठून देऊ. दिले.

तेवीस दिवसांनी ब्लास्टर परत आला. आणि खरं सांगतो, भारी चालला! आवाजच वेगळा, आधी घर्र असा यायचा आता शिट्टीसारखा सुंईई. डार्ट पार्किंगच्या या टोकाकडून त्या टोकाच्या भिंतीवर टप्पकन. सोसायटीतली पोरं वेडी झाली. दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा मेसेज, दादा कसं वाटलं, एक छोटा व्हिडिओ पाठवा ना, मला पण कामं मिळतील. मी मनापासून केला. भाचा मारतोय, मी मागून बोलतोय, एक नंबर काम आहे, पैसे वसूल, डोळे झाकून द्या. हेच शब्द.

नवव्या दिवशी संध्याकाळी एक डार्ट चाकांत अडकला. भाच्याच्या लक्षात नाही आलं, खेळाच्या भरात तो ट्रिगर दाबून राहिला. सुंई आवाज बंद झाला, मग वास आला, मोटारीच्या तारेवरच्या जळालेल्या इनॅमलचा तो जो उग्र वास असतो तो. मी वरून गॅलरीतून बघत होतो, पोराने एकदम ब्लास्टर खाली टाकला आणि हात झटकला. मी धावत खाली गेलो तर बॅटरीच्या जागेचं प्लास्टिक बाहेरून हाताला चटका लागेल इतकं गरम. झाकण उघडलं, सेल कापडाने धरून बाहेर काढले आणि लांब मातीत ठेवले. एका सेलवरचं प्लास्टिकचं आवरण आक्रसून वर सरकलं होतं आणि आतला पत्रा दिसत होता. पोराच्या तर्जनीला फोड आला होता, तेवढ्यावर निभावलं. ताई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही आणि तिचं बरोबरच होतं.

मी त्या माणसाला फोन केला तर आधी म्हणाला डार्ट अडकल्यावर दाबून ठेवलं म्हणजे चूक तुमची, मोटार परत टाकून देतो, २,२०० पाठवा. म्हणजे दुसऱ्यांदा पण पैसे मागितले. त्यावेळी मला खरंच वाटलं की चूक आपलीच. मी देणार पण होतो.

पण आमच्या गल्लीत एक काका आहेत, त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, पाण्यातल्या मोटारी, द्राक्षबागांचे फवारणी पंप हेच दिवसभर. म्हणलं एकदा त्यांना दाखवू, वाइंडिंग करून मिळतंय का. काकांनी स्क्रू काढले, वरचं कवर उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बघत बसले. मग म्हणाले, "अरे, ह्या मोटारी बदलल्या म्हणून कोणी सांगितलं तुला?"

मोटारी काळ्या होत्या, त्यावर छोटा स्टिकर, हाय टॉर्क लिहिलेला. काकांनी नखाने खरवडलं तर काळा रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि खाली चकचकीत पत्रा. स्प्रे मारला होता. आणि टर्मिनलला कंपनीने लावलेले मूळचे बारीक कपॅसिटर तसेच्या तसे, त्यांच्या पायांवर पण काळे शिंतोडे! म्हणजे मोटार जागेवरून हललीसुद्धा नव्हती, तिथेच ठेवून रंग मारला. नंतर खात्री म्हणून भाच्याच्या मित्राची न उघडलेली स्ट्राइफ होती, त्याच्या वडिलांना विचारून तीही उघडली. शेजारी शेजारी ठेवल्यावर सांगायची गरजच उरली नाही, तीच मोटार.

वायरिंगचं तर अजून वाईट. बॅटरीच्या बाजूला झाकण उघडल्यावर दिसतं तेवढी दोन इंच वायर जाड, लाल काळी सिलिकॉनची. तिथून आत गेल्यावर काळी नळी चढवलेली, काकांनी ती ब्लेडने कापली, आत जाड वायरला मूळची बारीक वायर जोडलेली. दिसेल तेवढंच जाड. स्विच जुनाच.

मग एवढा जोरात चालत कसा होता? हेच मला समजून घ्यायचं होतं आणि हाच सगळ्या फसवणुकीचा गाभा आहे. त्याने पेन्सिल सेलच्या जागी १४५०० साइझचे तीन लिथियम सेल टाकले होते आणि चौथ्या जागी नुसता पत्र्याचा डमी. हे सेल दिसायला पेन्सिल सेलएवढेच, १४ मिलिमीटर जाड आणि ५० मिलिमीटर लांब, पण एक पेन्सिल सेल दीड व्होल्टचा आणि हा ३.७ चा, पूर्ण चार्ज असेल तर ४.२. तीन मिळून १२.६ व्होल्ट. सहाच्या मोटारीला दुपटीपेक्षा जास्त. काका म्हणाले, "बैलाला चाबूक मारला तर तो पळतोच की, म्हणून काय तो नवीन बैल झाला?"

म्हणजे मोटार बदलण्याचा सगळा अनुभव येतो. आवाज बदलतो, स्पीड वाढतो, पोरं खूश होतात. फक्त आत मोटार रोज थोडी थोडी जळत असते. ब्रश झिजतात, वाइंडिंग तापतं. आणि डार्ट अडकून मोटार जागच्या जागी थांबली की ती सगळ्यात जास्त करंट ओढते, फिरणारी मोटार स्वतःच करंटला थोडं मागे रेटत असते, थांबलेली नाही. व्होल्टेज दुप्पट केलं तर थांबलेल्या मोटारीत उष्णता चौपट.

आता यापुढचं मला सगळ्यात जास्त झोंबलं. कंपनीने या ब्लास्टरमध्ये एक छोटी चकतीसारखी वस्तू दिलेली असते, काकांनी तिला पीटीसी म्हणलं, करंट जास्त झाला की ती तापते आणि सर्किट जवळपास बंद पाडते, गार झाली की परत चालू. नेमकं डार्ट अडकल्यावर पोरांचा हात भाजू नये म्हणूनच ती असते. या माणसाने ती काढून तिथे वायरचा तुकडा सोल्डर केला होता, कारण ती असती तर १२ व्होल्टला ब्लास्टर सारखा बंद पडला असता आणि याचं बिंग पहिल्याच दिवशी फुटलं असतं. मॉड करणारे ती काढतात हे खरं आहे, पण जे नीट करतात ते त्याबरोबर वायर, स्विच, मोटार सगळं त्या करंटला झेपेल असं टाकतात, काही जण वेगळा फ्यूज पण देतात. याने फक्त सुरक्षा काढली, बाकी सगळं जुनं ठेवलं. लहान मुलाच्या हातात देतोय हे त्याला मी स्वतः सांगितलं होतं, वयासकट.

सेलवर छापलं होतं २८०० एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप. पेन्सिल सेलच्या साइझचा लिथियम सेल साधारण ७०० ते ९०० एमएएचचा असतो, त्या डब्यात त्याच्या तिप्पट मावतच नाही. तसंच टॉर्चमध्ये येतात ते मोठे १८६५० सेल, त्यावर ९९०० छापलेले सर्रास मिळतात, चांगल्या कंपनीचा खरा सेल साडेतीन हजारच्या आसपास थांबतो. आकडा जितका मोठा तितका सेल खोटा असं समजायला हरकत नाही. आणि वजन करून बघा, खरा १८६५० साधारण ४५ ग्रॅमच्या पुढेमागे भरतो, खोटा हातात घेतल्यावरच हलका लागतो.

मोटारीची एक ओळख काकांनी भाच्याला शिकवली ती इथे देतो. मोटार हातात घेऊन शाफ्ट बोटाने हळू फिरवा. साधी खेळण्यातली मोटार अलगद फिरते. जोरदार मॅग्नेटच्या हाय टॉर्क मोटारीत बोटाला टक टक असे खटके चांगलेच जाणवतात, अडकत अडकत फिरते. ब्लास्टर न खोलता पण सेल काढून चाक बोटाने फिरवून बघता येतं. कुणाकडून काम करून घेणारच असाल तर कवर बंद करायच्या आधी आतला व्हिडिओ मागा, तुमचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी मोटारीशेजारी ठेवून. काढलेल्या जुन्या मोटारी परत मागा, हे सगळ्यात महत्त्वाचं, मी हे मागितलं असतं तर तो तिथेच अडकला असता. आणि परत आलेला ब्लास्टर मल्टीमीटर असणाऱ्या कोणाकडून तरी तपासल्याशिवाय मुलाला देऊ नका. मुलांच्या डोळ्यांवर गॉगल हवाच, डार्ट ग्रॅमभराचा असला तरी त्या स्पीडला डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होऊ शकते.

मी सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, ग्राहकांच्या १९१५ हेल्पलाइनवरही नोंदवली. पैसे आलेले नाहीत. बिल नाही, करार नाही, वस्तू तर परत पाठवली होती त्यामुळे तो म्हणतो काम केलंय. त्याचे सगळे मेसेज, यूपीआयची पावती, खरवडलेल्या मोटारीचे फोटो मी जपून ठेवलेत. जळालेल्या मोटारी काकांच्या दुकानात खिळ्याला टांगल्यात. ब्लास्टरमध्ये आता साध्या १३० साइझच्या दोन नवीन मोटारी आहेत, चार पेन्सिल सेल, आणि पीटीसी परत जागेवर. चाकं ओढून काढायला आणि बसवायला काकांना अख्खी दुपार लागली, एक रुपया घेतला नाही. सोल्डरिंग मात्र सगळं भाच्याकडून करून घेतलं, शेजारी उभं राहून.

परवा कोल्हापूरहून एकांचा फोन आला. म्हणाले तुमचा व्हिडिओ बघितला, नंबर त्यानेच दिला खात्री करायला, मुलीसाठी करून घ्यायचंय, पैसे पाठवू का? म्हणजे आमची तक्रार झाल्यावरही तो माझाच नंबर पुढे करतोय, मी फार तर उचलणार नाही असं धरून. मी त्यांना अर्धा तास सगळं सांगितलं, त्यांनी पैसे पाठवले नाहीत.

तो व्हिडिओ ओळखायची खूण सांगतो. निळी पांढरी स्ट्राइफ, डाव्या बाजूला गणपतीचा छोटा स्टिकर, मागे राखाडी भिंत आणि लाल स्कूटर. मागून जो माणूस डोळे झाकून द्या म्हणतोय तो मी आहे. ते बोललो तेव्हा ब्लास्टर येऊन दुसराच दिवस होता आणि आत जुन्याच मोटारी होत्या. ते शब्द मी परत घेतोय.