एम-थ्री : यंत्र शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या गणिताचे परीक्षण

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये यंत्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जे 'अभियांत्रिकी गणित-३' होते, त्याला वर्गात आणि वसतिगृहात सगळे एम-थ्रीच म्हणत. केटीचा, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेल्या विषयांचा, विषय निघाला की बहुधा पहिले नाव त्याचेच येई. मी पदविका पूर्ण करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला होता, त्यामुळे हे परीक्षण प्रामुख्याने त्या वाटेने येणाऱ्यांच्या उपयोगाचे आहे. बारावीनंतर आलेल्यांना यातले काही अनावश्यक वाटेल.

विषयाचे सहा भाग होते. एलडीई म्हणजे रेषीय विकलक समीकरणे आणि लाप्लास व फूरिये ट्रान्सफॉर्म हे पहिले दोन भाग ३० गुणांच्या इनसेमला, म्हणजे सत्राच्या मध्यावरील परीक्षेला. सांख्यिकी, संभाव्यता, व्हेक्टर कॅल्क्युलस आणि पार्शल डिफरन्शियल इक्वेशनचे उपयोग हे उरलेले चार ७० गुणांच्या एंडसेमला, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला. इनसेमचा पेपर देऊन बाहेर पडलेली मुले एलडीईची वही तिथेच मिटवत आणि शेवटच्या भागात तसेच समीकरण पुन्हा समोर आले की हडबडत. त्या भागातले कोणतेही मोठे उदाहरण दोन साध्या विकलक समीकरणांवर येऊन थांबते, आणि ती सोडवता आली नाहीत तर पुढचे काहीच हलत नाही.

माझी खरी तक्रार शिकवण्याच्या पद्धतीबद्दल आहे, आणि ती मी ज्या महाविद्यालयात शिकलो तेथपुरतीच आहे. एलडीईमध्ये शॉर्टकट पद्धत असते. समीकरणाच्या उजव्या बाजूला कॉस दोन-एक्स असेल तर डी (डेरिव्हेटिव्ह घेण्याच्या क्रियेचे चिन्ह) याच्या वर्गाच्या जागी वजा चार ठेवायचे आणि उत्तर लिहायचे. पण डाव्या बाजूचा ऑपरेटर, म्हणजे ज्या डीच्या राशीने उजव्या बाजूला भागायचे असते तीच, डी वर्ग अधिक चार असेल तर छेद शून्य होतो. अशा वेळी फळ्यावर 'केस ऑफ फेल्युअर' असे लिहून त्याखाली अधोरेखित सूत्र दिले जाई : एक्सने गुणा, छेदाचे डीच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह घ्या, पुढे चला. त्याप्रमाणे उत्तर येते एक्स गुणिले साइन दोन-एक्स भागिले चार. एक्सच्या जागी काळ ठेवून हे उत्तर वाचले, तर स्प्रिंगला टांगलेल्या वजनाला त्याच्याच नैसर्गिक वारंवारतेने ढकलत राहिल्यावर आंदोलनाचा विस्तार काळाबरोबर वाढत जातो, एवढेच ते सांगत असते. हा रेझोनन्स आहे. फिरत्या शाफ्टचा वेग क्रिटिकल स्पीडजवळ, म्हणजे त्याच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळणाऱ्या वेगाजवळ, गेला की तो का थरथरतो, याचे मूळ इथेच आहे; प्रत्यक्ष यंत्रात डॅम्पिंग (आंदोलन शमवणारा विरोध) असल्यामुळे विस्तार अमर्याद वाढत नाही, हा भाग वेगळा. ज्या ओळीत यंत्र शाखेच्या विद्यार्थ्याने सर्वाधिक रस घ्यावा, तीच ओळ आम्हाला अपवादाचे सूत्र म्हणून पाठ करायला मिळाली. खासगी क्लासमध्येही वेगळे काही नव्हते. तिथे फक्त सूत्रे रंगीत शाईत छापलेली होती.

सांख्यिकी आणि संभाव्यता यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. रिग्रेशनच्या रेषा, सहसंबंध, पॉइसन आणि नॉर्मल वितरण हे गुण मिळवून देणारे भाग आहेत, कॅसिओच्या ९९१ कॅल्क्युलेटरचा स्टॅटिस्टिक्स मोड वापरून उत्तरे पडताळता येतात, आणि पास होण्याचे गणित बहुतेक जण याच भरवशावर मांडत.

शेवटच्या भागाने मात्र पैसे वसूल केले, आणि त्याचे श्रेय आमच्या ट्युटोरियल घेणाऱ्या सरांना द्यावे लागेल. दोन्ही टोके शून्य तापमानाला धरलेल्या दांड्यातील उष्णतेचे समीकरण सोडवताना विभाजनाचा स्थिरांक (समीकरणाची स्थान आणि काळ अशी फोड केल्यावर दोन्ही बाजू ज्याच्या बरोबरीच्या ठेवतात तो) ऋणच का घ्यायचा, हे बहुतेक गाइडांमध्ये एका वाक्यात उरकलेले असते. सरांनी तिन्ही शक्यता फळ्यावर सोडवून दाखवल्या. स्थिरांक धन घेतला तर बाहेरून उष्णता न देता दांडा काळाबरोबर तापत जातो, शून्य घेतला तर टोकांच्या अटींमुळे सगळेच शून्य होते, म्हणून तिसरी शक्यता उरते. त्यापुढे त्यांनी असेही दाखवले की साइन मालिकेतील दुसऱ्या पदाच्या घातांकाचा ऱ्हासदर पहिल्याच्या चौपट आणि तिसऱ्याचा नऊपट असतो, त्यामुळे तापमानातील बारीक चढउतार आधी विरतात आणि थोड्या वेळाने केवळ एक गुळगुळीत कमान उरते. पुढे हीट ट्रान्स्फर शिकताना मला या तासाचा जितका उपयोग झाला तितका त्या विषयाच्या नोट्सचाही झाला नाही.

व्हेक्टर कॅल्क्युलसमध्ये ग्रेडियंट, डायव्हर्जन्स आणि कर्ल यांची उदाहरणे हाताळता येतात, पण गाउस आणि स्टोक्स यांच्या प्रमेयांना हात घालण्यापूर्वी दुहेरी व तिहेरी इंटिग्रल सफाईने यायला हवे. इथेच पदविकेच्या विद्यार्थ्यांची अडचण होई. दुहेरी-तिहेरी इंटिग्रल, पार्शल डिफरन्सिएशन आणि फूरिये मालिका या तिन्ही गोष्टी इतरांच्या पहिल्या वर्षात होऊन गेलेल्या असत, आणि एम-थ्रीचे शिक्षक त्या येतात असे धरूनच पहिला तास सुरू करत. आठवड्याला तीन व्याख्याने आणि एक ट्युटोरियल एवढ्या वेळात त्यांनी मागे वळून पाहावे अशी अपेक्षा करणेही योग्य नव्हते. म्हणून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांनी कॅप राउंडच्या (केंद्रीय प्रवेश फेरीच्या) याद्या लागेपर्यंतचा रिकामा काळ याच तीन प्रकरणांना द्यावा, आणि त्यातही पार्शल डिफरन्सिएशन आधी घ्यावे, कारण ग्रेडियंटपासून उष्णतेच्या समीकरणापर्यंत ते पदोपदी लागते.