लष्कराचे ‘जुने पिस्तूल’ आणि माझे १,६१,९५० रुपये

हे लिहायला मला चार महिने लागले. पैसे गेल्याचे दुःख पहिल्या महिन्यातच बोथट झाले. परंतु ज्याच्याकडे रीतसर शस्त्रपरवाना आहे, ज्याने शस्त्र अधिनियमाची कलमे स्वतः वाचलेली आहेत आणि ज्याची सारी नोकरी दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली, असा माणूस फोनवरच्या एका खणखणीत ‘जय हिंद’ला भुलला, हे कबूल करण्याची लाज अजून गेलेली नाही.

मी सातारा जिल्ह्यात गावापासून दूर शेतवस्तीवर राहतो. वस्तीवर दोनदा चोरी झाल्यानंतर अर्ज केला आणि दीड वर्षाच्या हेलपाट्यांनंतर .३२ बोअरचा (बोअर म्हणजे नळीचा व्यास) परवाना मिळाला. पुण्यातल्या शस्त्रविक्रेत्याकडे आयुध निर्माणीचे पिस्तूल पाहिले होते. पण परदेशी हत्यारांची आयात सामान्य माणसाला १९८०च्या दशकापासून बंद असल्यामुळे जुन्या वेब्ली किंवा वॉल्थरला जी अव्वाच्या सव्वा किंमत येते, ती ऐकल्यापासून मनात एक हाव होतीच. तेव्हा एका परिचिताने पुढे पाठवलेल्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात ‘लष्कराच्या भांडारातील वापराबाहेर काढलेली पिस्तुले, फक्त परवानाधारकांसाठी’ असे वाचले आणि मी त्या क्रमांकावर फोन केला.

मला मूर्ख ठरवण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्या. ही थाप हवेतून आलेली नव्हती. सैन्याच्या प्रचलित नमुन्यात न बसणारी शस्त्रे, ज्यांना ‘एनएसपी’ म्हणतात, भांडारातून लष्करी अधिकाऱ्यांना वैयक्तिक वापरासाठी खरोखरच दिली जात असत. त्यांतली काही पुढे नागरिकांना विकली गेल्याचे राजस्थानातील श्रीगंगानगरात उघड झाले आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. म्हणजे अशी हत्यारे असतात आणि ती बाहेर येतात, एवढे मला ठाऊक होते. ठकांना अर्धवट माहिती असलेलाच माणूस हवा असतो. ज्याला काहीच ठाऊक नाही, तो घाबरून फोन ठेवतो.

समोरचा माणूस स्वतःला जबलपूरच्या भांडारातला सुभेदार मेजर म्हणवत होता. तो कोल्हापुरी वळणाचे मराठी बोलत होता, मला ‘काका’ म्हणत होता आणि माझे चुलते मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते हे कळल्यावर त्याने बेळगावच्या सेंटरच्या आठवणी सांगितल्या. ज्या जिल्ह्यात एका गावाचे नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ असे घेतले जाते, तिथल्या माणसाला वर्दीवर संशय घेणे जमत नाही. त्याने ओळखपत्राचा आणि कँटीन कार्डाचा फोटो न मागता पाठवला. सेवेतला जवान आपले ओळखपत्र अनोळखी माणसाला कधीही पाठवत नाही; जो पाठवतो, तो जवान नाही. हे मला माझ्या माजी सैनिक शेजाऱ्याने सांगितले, पण नंतर.

आता ज्या क्षणी मी थांबायला हवे होते, त्याविषयी. त्याने पिस्तुलाचा म्हणून जो फोटो पाठवला, तो कोल्ट १९११चा होता. ते .४५ बोअरचे हत्यार आहे आणि तो बोअर आपल्याकडे प्रतिबंधित आहे; .३२च्या परवान्यावर तर ते घेताच येत नाही. हे मला त्याच क्षणी कळले होते. मी तसे त्याला बोलूनही दाखवले. त्यावर तो हसला आणि म्हणाला, “काका, तुम्ही जाणकार आहात, म्हणूनच तुम्हाला चांगला पीस देतोय, हा फोटो मागच्या लॉटचा आहे, तुमची वेब्ली आहे.” त्या ‘जाणकार’ शब्दाने माझा घात केला. मी त्याची चूक पकडल्याच्या आनंदात होतो आणि तो माझी नस पकडून बसला होता. त्याहून ढळढळीत गोष्ट अशी की त्याने आधार मागितले, पॅन मागितले, पण परवाना मागितला नाही. पुण्यातल्या दुकानदाराने परवाना पाहिल्याशिवाय पिस्तूल कपाटाबाहेर काढले नव्हते. विक्रेता परवान्याआधी पैसे मागत असेल, तर फोन तिथेच ठेवा.

रकमा लिहून ठेवतो. आगाऊ म्हणून ११,००० रुपये. दुसऱ्या दिवशी किमतीचे ९४,५०० रुपये. मग ‘भांडारातून सुटका व गेटपास’ या नावाखाली ३८,६५० रुपये आणि शेवटी ‘परत मिळणाऱ्या करा’चे १७,८०० रुपये. एकूण १,६१,९५० रुपये, चार वेगवेगळ्या खात्यांत, सर्व खाती व्यक्तींच्या नावावर. सरकारी भांडार कोणा व्यक्तीच्या बचत खात्यात पैसे घेत नाही, हे मी आयुष्यभर लोकांचे व्हाउचर तपासलेला माणूस तुम्हाला सांगतो आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे खासगी विक्रीपूर्वी जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. ‘फौजी कोट्याला ती अट नाही’ असे त्याने सांगितले आणि मी ऐकून घेतले. हत्यार ‘सैन्याच्या गाडीतून घरपोच’ येणार होते. ते आले नाही.

लाजेपायी मी एकतीस तास गप्प बसलो आणि मग सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार केली. तुम्ही एकतीस मिनिटेही बसू नका, कारण तोवर माझ्या पैशांपैकी केवळ ६,२१४ रुपये खात्यात गोठवण्यापुरते उरले होते, आणि तेही न्यायालयाच्या आदेशाशिवाय मिळणार नाहीत, असे मला तेव्हा सांगण्यात आले. पोलीस ठाण्यात अंमलदाराने तक्रार वाचली, मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “म्हणजे तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवरून बंदूक घेत होता?” परवाना दाखवला तर तो उलटसुलट करून पाहिला, जणू मीच आरोपी. ठाण्याने सायबर शाखेकडे पाठवले. सायबर शाखेने सांगितले की रक्कम लहान आहे, ठाण्यातच नोंदवा. ठाणे म्हणाले, खाती परराज्यातली आहेत, हद्दीचा प्रश्न येतो. गुन्हा हद्दीबाहेरचा असला तरी नोंदवून घ्यावा लागतो, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. मी ते छापून नेले, तेव्हा “साहेब बंदोबस्ताला गेलेत” असे उत्तर मिळाले. बँकेच्या व्यवस्थापकाने तर, पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत, मग फसवणूक कशी, असा प्रश्न केला; फसवणूक म्हणजे दुसरे काय असते, हे त्यालाच ठाऊक. एकोणिसाव्या दिवशी, मुलाने पुण्याहून ई-मेल धाडल्यावर, न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला. त्यानंतर आजतागायत एकही फोन नाही. फोन आला तो एका ‘वसुली अधिकाऱ्या’चा, ४,९९९ रुपये भरल्यास सगळी रक्कम परत मिळवून देणार होता. तो त्याच टोळीचा असणार, कारण रकमेचा आकडा त्याला शेवटच्या पन्नास रुपयांपर्यंत पाठ होता.

सरकारी यंत्रणा हलली ती एकदाच, आणि माझ्याविरुद्ध. गुन्ह्याची प्रत शस्त्रपरवाना शाखेत पोहोचली आणि मला नोटीस आली: अनधिकृत मार्गाने शस्त्र खरेदी केल्याबद्दल परवाना रद्द का करू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा आणि खरेदी केलेले पिस्तूल तत्काळ नजीकच्या पोलीस ठाण्यात जमा करून पोच सादर करावी. खुलासा मी लिहून दिला आहे. पिस्तूल जमा केल्याची पोच जोडलेली नाही, म्हणून तो अर्ज ‘अपूर्ण’ असा शेरा मारून परत आला आहे.